पाऊण लिटरचा संसार

येरमाळ्याला हायवेच्या कडेला बजरंगनं सव्वीस वर्षं रसवंती चालवली. सोलापूरकडं जाणारे, बीडकडून येणारे, येडेश्वरीच्या यात्रेला आलेले आणि यात्रेचं निमित्त काढून नुसतेच उंडारणारे, अशा हजारोंचे घसे त्यानं थंड केले. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून भुशात पुरायची आणि गिऱ्हाईक दिसलं की टोच्यानं हाणून तुकडे पाडायचे, यात त्याचा हात धरणारा अख्ख्या कळंब तालुक्यात कुणी नव्हता. स्वतः बजरंग दिवसाला कळशीभर पाणी प्यायचा. उभ्यानं, वरून, न थांबता. बघणाऱ्याला वाटावं, हा पितोय की टाकी भरतोय.

मग पंचावन्नाव्या वर्षी साखर आणि बीपी या दोघांनी मिळून त्याच्या दोन्ही किडन्यांचा निकाल लावला. रसवंती बंद झाली. सोमवारी आणि गुरुवारी धाराशिवला जाऊन चार तास डायलिसिसवर पडायचं, आणि उरलेले दिवस पाणी मोजून प्यायचं असा त्याचा जन्म ठरला. दिवसाला पाऊण लिटर. त्यात चहा आला, वरण आलं, ताक आलं, गोळी गिळायचा घोटसुद्धा आला.

"आन् थुका गिळला तर?" बजरंगनं विचारलं.

डॉक्टर हसला नाही. डॉक्टर लोकांना हसण्याचे वेगळे पैसे पडत असावेत.

हिशेब ठेवायची जबाबदारी बायकोवर, म्हणजे द्वारकाबाईवर आली आणि तिनं ती तलाठ्याला लाजवेल अशी पार पाडली. लिटरच्या प्लास्टिक बाटलीवर पोरीच्या नखरंगाची लाल रेघ ओढली. रोज सकाळी रेघेपर्यंत पाणी भरायचं. बजरंगनं कपभर चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायचं. वाटीभर वरण खाल्लं की पुन्हा तुळशीला. बाटली रिकामी झाली की दिवस संपला, मग सूर्य डोक्यावर का असेना. त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या तुळशी वाळून काटक्या झाल्या होत्या. बजरंगच्या दारातली मात्र गुटगुटीत. तो तिच्याकडं सवतीकडं बघावं तसा बघायचा.

हे सगळं कशासाठी, तर द्वारकाबाई त्याला स्वतःची एक किडनी देणार होती. रक्तगट जुळला होता, तपासण्या जुळल्या होत्या, अवयवदानाच्या सरकारी कमिटीसमोर बसून फोटो निघाले होते. बजरंग सुरुवातीला नको नको म्हणाला, पण द्वारकाबाईनं एका वाक्यात तोंड बंद केलं. "दोन हायत्या मला. घरातली कोणची वस्तू म्या एकटीनं वापरली आजवर?" सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातली ऑपरेशनची तारीख दिली आणि एक अट घातली. तोवर दोन डायलिसिसच्या मधे वजन एकदाही साडेतीन किलोच्या वर वाढता कामा नये. वाढणारं वजन म्हणजे पाणीच. "जो माणूस पाण्याला आवर घालत नाही, तो पुढं गोळ्या काय वेळेवर घेणार?" डॉक्टर म्हणाले. "चांगल्या बाईची चांगली किडनी मी असल्या माणसात घालून नासवणार नाही. तारीख रद्द करीन."

म्हणजे प्रश्न साधा होता. दोन महिने तहान मारायची आणि जगायचं.

तहान मारायची युक्ती दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईनं सांगितली. पाणी पिण्याऐवजी बर्फाचा लहानसा खडा चघळायचा. चमचा-दोन चमचे पाण्यात तोंड दहा मिनिटं ओलं राहतं. घरात फ्रिज होता, पण त्यातला बर्फाचा कप्पा म्हणजे लसणाच्या वासाचा एक ढेकूळ. ट्रे काढायला उलथनं घेऊन भिडावं लागायचं, आणि निघालेला बर्फ चघळला की तोंडाला चटणीची चव यायची. पुण्यात लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या हर्षालीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक पोरीला, हे फोनवर कळलं आणि आठवड्याच्या आत तिनं घरी बर्फ पाडायचं मशीन पाठवून दिलं.

स्टँडजवळच्या दुकानात पार्सल आलं. ते आणायला शेजारचे व्यंकट गुरुजी स्कूटर घेऊन गेले. गुरुजी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि गल्लीतलं कुठलंही काम त्यांच्याशिवाय पार पडू नये असा त्यांचा दंडक होता. मशीन त्यांनी पायाजवळ आडवं टाकून आणलं. खोकं उघडलं तेव्हा आत पांढरंशुभ्र, झाकणाला काच असलेलं, लहान मुलाच्या पेटीएवढं यंत्र निघालं.

"एवढंच?" बजरंग म्हणाला. "ह्याच्या पोटात लादी कुठं मावती?"

हर्षाली व्हिडिओ कॉलवर होती. "बाबा, लगेच बटण दाबू नका. आडवं आलंय ना ते? एक दिवस नुसतं सरळ उभं ठेवायचं. आतला गॅस आणि तेल जागेवर बसू दे."

"नवी नवरी आली तरी तिला कुणी दिवसभर उभी ठेवीत न्हाय," द्वारकाबाई म्हणाली, पण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्त झाला. गुरुजींनी इंग्रजी माहितीपुस्तक हातात घेतलं. त्यांनी तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळं वाचायला त्यांना अडचण नव्हती, अर्थ लावायला होती. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, उन्हात ठेवू नका, बोअरचं पाणी घालू नका, क्षारानं आतल्या नळ्या चोंदतील. बोअरचं पाणी येरमाळ्यात असं की पातेलं चार दिवसांत चुना दिल्यासारखं होतं. म्हणून फिल्टरच्या पाण्याचा जार आणला. तोवर द्वारकाबाईनं झाकण उघडून हळदीकुंकू वाहिलं होतं. ट्रॅक्टर असो, शिलाई मशीन असो, नवं यंत्र घरात आलं की त्याला कुंकू लागतं, आणि यंत्राला ते कुठं लागावं हे कुठल्याही माहितीपुस्तकात लिहिलेलं नसतं. अर्धं कुंकू टाकीत गेलं.

बटण दाबलं. मशीन आधी घुरघुरलं, मग खाकरलं, मग गप्प बसलं. आतल्या नऊ दांड्या पाण्यात बुडाल्या. सगळे श्वास रोखून काचेतून बघत राहिले. आठ मिनिटांनी खडखड झालं आणि जाळीच्या टोपलीत नऊ खडे पडले. गुलाबी.

"वा," गुरुजी म्हणाले. "रंगीत आहे."

बजरंगनं एक खडा उचलून उजेडात धरला. शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तानासारखा, आतून पोकळ. सव्वीस वर्षांचा बर्फवाला तो, त्याचं मन दुखावलं. "मधी भोक हाय गुरुजी. बर्फात बी भेसळ? आमच्या लादीत हत्ती उभा केला असता तर मोडली नसती."

"पहिले दोन-तीन घाणे फेकून द्या असं लिहिलंय," गुरुजींनी पान उलटलं. "आतली नवेपणाची घाण असते म्हणे."

"फेकून?" द्वारकाबाई उसळली. "म्हशीचा पहिला चीक काय उकिरड्यावर टाकत्यात? पहिलं देवाचं, मग शेजाऱ्याचं, मग आपलं. मशीन करणाऱ्या चिन्यांना कुणी सांगावं!"

आणि नऊ गुलाबी खडे चांदीच्या वाटीत घालून येडेश्वरीच्या फोटोसमोर ठेवले गेले. एप्रिलचा महिना. आरती संपेस्तोवर नैवेद्याचं तीर्थ झालं होतं. तीर्थ म्हटल्यावर वाटायला हवं, आणि वाटायचं म्हटल्यावर घरच्या धन्याला वगळता येत नाही. द्वारकाबाईनं बाटलीकडं पाहिलं, देवीकडं पाहिलं, आणि पळीभर बजरंगच्या हातावर घातलं. तुळशीला काही गेलं नाही. देवीचं पाणी हिशेबात कसं धरायचं?

प्लास्टिकची चव असलेलं ते थंडगार पळीभर पाणी घशातून उतरताना बजरंगच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं, पण अजून त्याला नाव नव्हतं.

दुसरा आणि तिसरा घाणा खरवसासारखा गल्लीत वाटला गेला. चार घरांतली माणसं दोन दिवस पोट धरून बसली, पण मशीनला कुणी दोष दिला नाही. उलट बघायला रीघ लागली. आजाऱ्याला बघायला आधीही लोक यायचे, पण ते दोन मिनिटं हळहळून जायचे. आता आजारी एका कोपऱ्यात आणि लोक मशीनभोवती.

चालवायचं काम बजरंगनं अंगावर घेतलं. सकाळी टाकी धुवायची, जारचं पाणी भरायचं, लाल दिवा लागला की पाणी संपलं, हिरवा लागला की टोपली भरली, टोपलीतला बर्फ वेळेत काढला नाही तर वितळून परत टाकीत, हे सगळं त्याला तोंडपाठ झालं. द्वारकाबाईनं धूळ बसू नये म्हणून मशीनवर विणलेला रुमाल घातला तेव्हा ते तापून बंद पडलं. "त्याचं नाक दाबलंय तू!" बजरंग ओरडला. लाईट कमीजास्त झाली की तो यंत्रावर हात ठेवून उभा राहायचा, जणू बैलाला धीर देतोय. इतकं सगळं करून त्याच्या वाट्याला दिवसाला पंधरा खडे, आणि त्यांच्या बदल्यात बाटलीतलं पेलाभर पाणी तुळशीला. पंधरा खडे म्हणजे काय हो? रसवंतीत एवढा बर्फ तर गिऱ्हाईकाच्या मिशीला लागून जायचा.

एका दुपारी सत्यभामा आली. ही बजरंगची चुलतभावजय, गल्लीच्या टोकाला राहणारी. द्वारकाबाईनं लिंबाचं सरबत केलं, वर पाच खडे टाकले. सत्यभामानं पेला हातात घेतला आणि तसाच धरून बसली.

"घ्या की," द्वारकाबाई म्हणाली.

"भावजी कोरडे बसलेत आन् म्या कशी पिऊ? त्यांनी घोटभर घेतला तर म्या घेईन."

इकडं ही रीतच आहे. घरचा मोठा माणूस समोर असताना त्याच्याआधी पेला तोंडाला लावणं म्हणजे त्याला किंमत न देणं. द्वारकाबाई पेचात पडली. नको म्हणावं तर पाहुणी कोरडीच जाते, वर चार घरी सांगते. "घोटभरच हं," ती म्हणाली.

बजरंगनं घोट घेतला. थंड, आंबटगोड, पोटापर्यंत पोचणारा. आणि तीर्थ घेताना जे डोक्यात लख्ख झालं होतं त्याला नाव मिळालं. पाहुणा म्हणजे पाणी.

त्या दिवसापासून बजरंगएवढा अगत्यशील माणूस येरमाळ्यात दुसरा नव्हता. दाराशी खुर्ची टाकून बसायचा. जाणाऱ्याला हाक, येणाऱ्याला हाक. "या की, या. मशीन बघा. बर्फ टाकून पाणी प्या." ज्याच्याशी बांधावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं त्यालाही बोलावलं, तोही बिचारा गहिवरला. प्रत्येक जण पेला हातात घेऊन म्हणायचा, "तुमी घ्या की आधी." आणि बजरंग द्वारकाबाईकडं असं लाचार तोंड करून बघायचा की जणू फाशीला चाललाय, आणि मग घ्यायचा. घोट म्हणजे किती, याचं माप कुठल्या सरकारनं ठरवलेलं नाही. बजरंगच्या घोटात अर्धा पेला मावायचा.

द्वारकाबाई लोकांसमोर काही बोलायची नाही. बसल्या जागेवरून बघायची, मग उठून आत जायची आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन तुळशीला पाणी घालायची. बजरंगला वाटायचं, चला, हिच्या नजरेतून सुटलं. डायलिसिसच्या खोलीत वजनकाट्यावर दोन किलो दोनशे दिसले, मग दोन सातशे, मग तीन किलो. सिस्टरनं भुवया वर केल्या. "उन्हाळा हाय," बजरंग म्हणाला, जसं काही ऊन अंगात भरून राहतं.

मग अक्षय्य तृतीया आली. त्या दिवशी पाणी पाजावं, पितरांना पोचतं. वर्षभर पोरांना दारातून हाकलणारी माणसंही त्या दिवशी माठ भरून ठेवतात. बजरंगनं आदल्या दिवशी जाहीर केलं, "आपण पाणपोई काढायची. बर्फाची."

"तुमाला येड लागलंय का?" द्वारकाबाई म्हणाली.

"माझ्या बापाला पाणी पोचायला नको व्हय?"

सासऱ्याचं नाव आल्यावर ती काय बोलणार? रविवारी सकाळी दारात लिंबाच्या सावलीला मांडव पडला. रांजण, चार स्टीलचे पेले, आणि उंबऱ्याच्या आत वायर ओढून मशीन. ते बिचारं घरातल्या एका माणसाच्या तोंडापुरतं बनलेलं, त्याला गावाची तहान भागवायला बसवलं. घुर्र करतंय, खाकरतंय, नऊ खडे टाकतंय, आठ मिनिटं दम खातंय, परत नऊ. बजरंग त्याच्या शेजारी उभा, कपाळाला टिळा, चेहऱ्यावर पुण्याचं तेज. व्यंकट गुरुजींनी पाच मिनिटांचं भाषण करून नारळ फोडला आणि पहिला पेला बजरंगच्या हातात दिला. "मालकानं घेतल्याशिवाय पाणपोई सुरू होत नाही." टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या आवाजात बजरंगनं अख्खा पेला रिकामा केला. मग वरची गल्ली आली, त्यांनी आग्रह केला. खालची गल्ली आली, त्यांनी केला. दुपारी एका वऱ्हाडाची जीप थांबली, त्यातल्या म्हाताऱ्यानं हात जोडून सांगितलं, "मालक, तुमच्या हातचं पितो, पण तुमी आधी." असा भला म्हातारा बजरंगनं आयुष्यात पाहिला नव्हता. संध्याकाळपर्यंत त्यानं किती पाणी पोटात घातलं ते त्याला आणि देवाला ठाऊक, आणि देवाच्याही मोजण्यात चूक झाली असेल.

दोन वर्षांत पहिल्यांदा त्याची तहान भागली. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी तो इतका सुखी होता की त्याला किडनीबिडनी, सोलापूर, जून, काही आठवत नव्हतं.

सोमवारी सकाळी उठला तर छातीवर रांजण ठेवल्यागत झालं होतं. पायांची बोटं सुजून एकमेकांत रुतली होती. एसटीत बसून धाराशिवला जाईपर्यंत श्वास पुरेना. वजनकाट्यानं चार किलो सहाशे दाखवले. सिस्टरनं पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. तिनं फाइलमध्ये आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल केला. त्या दिवशी चारचे पाच तास झाले. पायात गोळे आले, ओकारी झाली, दोनदा डोळ्यांपुढं अंधारी आली. द्वारकाबाई उशाशी बसून त्याचे तळपाय चोळत होती. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी सोलापूर. मोठ्या डॉक्टरांपुढं दोन फाइली होत्या, एक त्याची, एक तिची. त्यांनी आधी गोल केलेला आकडा बघितला आणि चष्मा काढला.

"तारीख गेली," ते म्हणाले. "किती प्यालात?"

बजरंग खाली मान घालून बसला.

मग डॉक्टरांनी दुसरी फाइल उघडली. द्वारकाबाईच्या शेवटच्या तपासण्या गेल्या आठवड्यात झाल्या होत्या. "तुमच्यामुळं नसती गेली तरी यांच्यामुळं गेली असती," ते म्हणाले आणि तिच्याकडं वळले. "बाई, तुमची किडनी महिन्याभरापूर्वी उत्तम होती. आता रक्तातला हा आकडा वाढलाय, लघवी घट्ट झालीय, बीपी खाली आलंय. तुम्ही पाणी किती पिता दिवसाला?"

द्वारकाबाई पदराशी चाळा करत बसली.

"अहो, विचारतोय मी."

"ह्यांच्याइतकंच," ती हळूच म्हणाली. "पाऊण लिटर. ह्यांची बाटली भरली की माझी बी एक भरती. त्यांनी घोट मोजून घ्यायचा आन् म्या तांब्या तोंडाला लावायचा, घशाखाली उतरतंय व्हय?"

"पाऊण लिटरनं एवढं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "याहून कमी पिता तुम्ही."

तिनं एकदम सांगून टाकलं. "महिन्यापासनं कमीच. लोकं यायची, हे घोट घ्यायचे. मला काय दिसत न्हवतं व्हय? पर चारचौघांत नवऱ्याला कसं म्हणायचं, पिऊ नगा? मग म्या येडेश्वरीला नवस बोलले, ह्यांनी जादाचं जेवढं पिलं तेवढं माझ्या बाटलीतलं सोडीन. ह्यांच्या अंगी लागू दिऊ नगंस. तसं करत हुते. त्यांनी अर्धा पेला पिला की माझ्यातला अर्धा पेला तुळशीला." तिनं डोळे पुसले. "पर परवा अक्षय्य तृतीयेला दुपारीच माझी बाटली संपली. मग पुढचं कशातनं सोडायचं? तिथं हिशेब चुकला बगा. म्हणून ह्यांचं वजन वाढलं."

इतकी वर्षं शिकून डॉक्टरांना या दुखण्याचं नाव माहीत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही दोघं मिळून एका माणसाचं पाणी पिता," ते शेवटी म्हणाले, "आणि तेही उलटसुलट. महिन्यानं या. ह्यांनी पाऊण लिटर. बाईंनी तीन लिटर, रोज. दोन्ही आकडे बरोबर आले तर नवी तारीख."

बजरंगला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. त्याला एकेक घोट आठवत होता. सत्यभामाच्या पेल्यातला, गुरुजींनी दिलेला, वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यानं हात जोडून पाजलेला. त्याला वाटलं होतं तो डॉक्टरांना फसवतोय, काट्याला फसवतोय. फार तर देवाला. तो प्रत्येक घोट तिच्या घशातून निघत होता, आणि ती तो तुळशीत ओतून, कोरड्या ओठांनी बाहेर येऊन, पाहुण्यांशी हसून बोलत होती. असं मेल्याहून मेल्यासारखं त्याला आजवर कधी झालं नव्हतं, डायलिसिसच्या खाटेवरसुद्धा नाही.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ बसून त्यानं एवढंच विचारलं, "मला सांगायचं न्हाय का, द्वारके?"

"सांगून नवस फळत न्हाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बजरंगनं टाकी धुतली, पाणी भरलं, बटण दाबलं. नऊ खडे पडले ते सगळे मोठ्या पेल्यात घातले, वर पाणी ओतलं, लिंबू पिळलं आणि पेला तिच्यापुढं धरला.

"तुमी घ्या आधी," ती सवयीनं म्हणाली.

"न्हाय."

"घोटभर."

"पी म्हणतो ना. माझ्या गळ्याची आण हाय."

ती तोंड बाजूला करून प्यायला लागली. चोरी केल्यासारखी, लहान लहान घोट घेत. तो समोर बसून बघत होता. बर्फ तिच्या दातांवर वाजला तसा त्याचा स्वतःचा घसा आतून खरवडल्यासारखा झाला. जीभ टाळूला चिकटली. उठून बाहेर जावंसं वाटलं. गेला नाही.

तेवढ्यात व्यंकट गुरुजी आले. पाणपोई फारच छान झाली, पुढच्या वर्षी मोठी काढू, असं बोलत खुर्चीत टेकले. रीतीप्रमाणं त्यांच्याही हातात पेला आला. रीतीप्रमाणं त्यांनी तो पुढं केला.

"बजरंगराव, तुम्ही घ्या की आधी."

"मला नगं, गुरुजी."

"अहो घोटभरानं काय होतंय?"

"म्या घेतला की हिचा कमी होतोय," बजरंग म्हणाला.

गुरुजींना काही कळलं नाही. ते एकदा त्याच्याकडं आणि एकदा तिच्याकडं बघत राहिले. द्वारकाबाईनं रिकामा पेला खाली ठेवला. बजरंगनं तो उचलला आणि दुसरा भरायला मशीनकडं गेला.